ज्वलनात संशोधन करायचंय, पण इंजिनं तर जाणार म्हणतात!

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ज्वलन आणि काजळी या विषयात पीएचडी करावीशी वाटते. बाबा म्हणतात, गाड्या बॅटरीवर धावू लागल्या की याला कोण विचारणार? काय करू?

उत्तर : बाबांची शंका रास्त आहे. फक्त गाडीच्या इंजिनाच्या भरवशावर या वाटेला जाणार असशील, तर मीही नको म्हणेन. पण काजळीचा अभ्यास इंजिनापुरता नसतो.

मेणबत्तीची ज्योत पिवळी दिसते ती तापून चमकणाऱ्या काजळीच्या कणांमुळे. उष्णतेने इंधनाचे रेणू तुटतात, त्यातून ॲसिटिलीनसारखे छोटे रेणू आणि पुढे बेंझिनची कडी तयार होते. कडीला कडी जोडली जाते आणि काही मिलिसेकंदांत वायूतून घन कण जन्मतो. सुटा कण बहुधा 10 ते 50 नॅनोमीटरचा. मग हे कण मण्यांसारखे एकमेकांना चिकटत जातात. वायूतून घन कण नेमका कसा होतो, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. म्हणजे काम शिल्लक आहे!

लांब पल्ल्याच्या विमानांना आजच्या बॅटऱ्या फार जड पडतात. विमानांच्या धुरातल्या काजळीवर पाणी गोठतं आणि आकाशात पांढरे पट्टे उमटतात. हवामानाचे अभ्यासक या पट्ट्यांच्या मागे आहेत. वणव्यांची काजळी आहेच. शिवाय टायरमधला कार्बन ब्लॅक ही मुद्दाम बनवलेली काजळीच, आणि रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइडही ज्योतीत बनवता येतं. ज्योतीतून हवे तसे नॅनोकण काढणं, मला विचारशील तर नोकरीच्या दृष्टीने ही बाजू जास्त भक्कम.

आता कडू भाग. तुम्ही मेकॅनिकलवाले पहिल्या वर्षानंतर रसायनशास्त्राला रामराम ठोकता. इथे ते चालणार नाही. शेकडो संयुगं, हजारो अभिक्रिया, हेच रोजचं काम. प्रयोगाकडे गेलास तर लेझरने कण तापवून त्यांची चमक मोजायची, किंवा ज्योतीत क्षणभर जाळी सरकवून त्यावर बसलेले कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. जाळी जास्त वेळ राहिली की कणांचे थर बसतात आणि नमुना वाया. असे नमुने पुन्हा पुन्हा घेण्याचा कंटाळा येणार असेल, तर संगणकाची बाजू धर.

निर्णय आजच नको. ज्योतीतल्या अभिक्रियांचं गणित सोडवणारं 'कँटेरा' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सुट्टीत त्यावर इथिलीनची एक सपाट ज्योत सोडवून बघ, इंधनाचं प्रमाण वाढवत ने आणि ॲसिटिलीन कुठे वाढतं ते शोध. त्यात रमलास तर तो आलेख घेऊनच प्राध्यापकांना भेट. प्रयोगशाळा निवडताना तिथले जुने विद्यार्थी आज कुठे आहेत, हे मात्र आधी विचार. बाबांनाही तेच ऐकायचं आहे.