हीथवरच्या गोल्फ कोर्सची ‘काठिण्यपातळी’ की कस?

इंग्लंडमधल्या एका जुन्या हीथलँड, म्हणजे हेदर नावाच्या झुडपांच्या वाळूच्या माळावरच्या, गोल्फ कोर्सवर झालेल्या कामाबद्दलचा लेख मराठीत आणताना एका वाचकाने हे वाक्य लिहिले आहे : ‘ओसाड जमिनीवरील गोल्फ मैदानाच्या नूतनीकरणामुळे त्याच्या काठिण्यपातळीत वाढ झाली.’ ‘काठिण्यपातळी’साठी साधा शब्द कोणता, असे त्यांनी विचारले आहे. वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. अडचण फक्त एका शब्दाची मात्र नाही, त्यातले तीनही वजनदार शब्द भलत्याच वाटेने नेतात.

पहिला ‘ओसाड’. गाव ओस पडते, वाडा ओसाड होतो. माणसे होती आणि निघून गेली, हे त्या शब्दात आहे. इंग्लंडमध्ये सरे-बर्कशायरच्या बाजूला जे हीथ आहेत त्यांची गोष्ट नेमकी उलटी. ती आम्लधर्मी, वाळूची जमीन. शेती पिकत नसे, पण गावकरी तिथे शेकडो वर्षे गुरे-मेंढ्या चारत, सरपण आणि जळणासाठी हिरवळीचे थर कापून नेत. त्या वापरामुळेच झाडांची रोपे वर येत नसत आणि गुडघाभर उंचीचे, ऑगस्टमध्ये जांभळे फुलणारे हेदरचे झुडूप टिकून राही. चराई थांबली, हीथ खरोखर ‘ओस’ पडला, तेव्हा तिथे पाइन आणि बर्च माजले. म्हणून मी ‘झुडपी माळ’ म्हणेन, किंवा पहिल्यांदा तसे सांगून पुढे सरळ ‘हीथ’. कोकणातला ‘सडा’ हा शब्दही मनात येतो, पण सड्याखाली कातळ असतो आणि हीथखाली वाळू, आणि पुढचा सगळा मुद्दा त्या वाळूवरच उभा आहे.

माळ हा शब्द सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. आपल्याकडेही मोकळ्या माळाला कागदोपत्री ‘पडीक’ म्हणतात आणि त्यावर झाडे लावली की जमीन सुधारली असे मानतात. माळढोकाला जगायला काय लागते ते त्याच्या नावातच लिहिलेले आहे, तरीही. हीथवरच्या कोर्सची झाडे तोडली, असे वाचून मराठी वाचक दचकेल. तिथे अनुवादकाने माळाची आठवण करून दिली तर तो दचका ओसरेल.

दुसरा शब्द ‘नूतनीकरण’. परवान्याचे नूतनीकरण होते, सभागृहाचे होते. नवे काहीतरी येते. लिंकनशायरमधल्या वुडहॉल स्पाच्या हॉचकिन कोर्सवर गेल्या दशकात टॉम डोक या रचनाकाराच्या देखरेखीखाली काम झाले. तिथे माजलेली झाडे काढली, हीथ पुन्हा मोकळा केला, बंकरांना, म्हणजे वाळूच्या अडथळ्याच्या खड्ड्यांना, जुना आकार दिला. हे नवे करणे नव्हे. ‘जीर्णोद्धार’ अर्थाने जवळ आहे, पण त्याला देवळाचा वास आहे. ‘पूर्वरूप देणे’ मला सर्वांत स्वच्छ वाटते. सगळ्याच कामांना ते लागू होणार नाही, हेही खरे. सरेमधल्या वोकिंग क्लबच्या चौथ्या होलवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टुअर्ट पेटन आणि जॉन लो या तिथल्याच सभासदांनी फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या, ऐन मध्यावर बंकर घातले. तो सरळसरळ ‘फेरबदल’ होता.

आता काठिण्य. ‘कठीण’ मुळात स्पर्शाचा शब्द आहे, मऊच्या उलट. कवच कठीण, लाकूड कठीण. या अर्थाने हीथवरची जमीन झाडे काढल्यावर खरोखर कठीण होते : ऊन-वारा लागतो, वाळूतून पाणी निथळते, चेंडू पडल्यावर थांबत नाही, पळत जाऊन बंकरमध्ये किंवा हेदरमध्ये शिरतो. पण खेळ अवघड होतो की सोपा, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे एकच उत्तर नाही. झाडे गेली की वाट रुंद होते, भरकटलेला चेंडू सापडतो, नवख्याचा जीव भांड्यात पडतो. त्याच वेळी आडोसा गेल्याने वारा आत येतो, आणि चेंडू उंच मारणाऱ्या तरबेज खेळाडूला तो जास्त छळतो. त्या जागी हेदर फेअरवेला अगदी खेटून वाढू दिला, तर पारडे फिरते. हेदरचे लाकडी फाटे गोल्फच्या काठीच्या दांड्याभोवती गुंडाळले जातात, तिचे तोंड वळते, आणि मनगटात जोर नसलेल्याला चेंडू नुसता बाहेर काढतानाच दमछाक होते. मध्ये कापलेल्या गवताची एक पट्टी ठेवली की तोच खेळाडू वाचतो. कोर्स मात्र तोच असतो.

खेळाच्या हिशेबातही म्हणूनच दोन आकडे आहेत. कोर्स रेटिंग सांगते की शून्य हँडिकॅपच्या, म्हणजे मुरलेल्या, खेळाडूला साधारण किती फटके लागावेत. स्लोप रेटिंग सांगते की त्याच्या तुलनेत सामान्य खेळाडूला तो कोर्स किती जड जाईल. हा आकडा ५५ ते १५५ यांमध्ये असतो आणि ११३ हे प्रमाण धरतात. एकाच कामाने पहिला आकडा वर आणि दुसरा खाली जाऊ शकतो. ‘काठिण्यपातळी वाढली’ असे लिहिले की कोणासाठी, हा प्रश्नच पुसला जातो.

माझी निवड ‘कस’. खेळाडूचा कस लागतो, सोन्याचा कस पाहतात, आणि जमिनीलाही कस असतो. हीथबद्दल लिहिताना हा शब्द जसा बसतो तसा दुसरा बसलेला मी पाहिला नाही. हीथच्या जमिनीला कस नसतो, म्हणून तर तिथे हेदर टिकतो. वर्षानुवर्षे खत आणि पाणी घातले, पाने कुजून थर साचला, की जमीन कसदार होते, भरगच्च गवत हेदरला दाबून टाकते आणि खेळाडूचा कस पाहणारी गोष्टच नाहीशी होते. म्हणून पूर्वरूप देताना वरची सुपीक माती खरवडून काढतात. खाली हेदरचे बी कित्येक दशके तग धरून पडलेले असते, उजेड लागला की ते रुजते. शेतकऱ्याच्या कानाला हे उफराटे वाटेल, आणि ते तसे आहेही.

वोकिंगचे ते बंकर कस या शब्दानेच नीट सांगता येतात. फेअरवेची रुंदी तेवढीच राहिली, लांबीही. पण उजवीकडे रेल्वेची हद्द आणि मध्ये बंकर, आणि ग्रीनवर, म्हणजे होलच्या खळीभोवतीच्या बारीक हिरवळीवर, पुढचा फटका सोयीचा पडतो तो या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीतून. डावीकडे खुशाल मारा, काही बिघडत नाही, पुढचा फटका तेवढा वाकडा जातो. बाकीचे सभासद सुरुवातीला भडकले होते. याला ‘काठिण्य वाढले’ म्हणता येत नाही, कारण सोपी वाट कोणी बंद केलेली नाही. निर्णयाचा कस लागू लागला, एवढेच म्हणता येते.

तेव्हा तुमचे वाक्य मी असे लिहीन : ‘हीथच्या झुडपी माळावरच्या या कोर्सला पूर्वरूप दिल्यावर तिथे मुरलेल्या खेळाडूचा कस अधिक लागतो.’ नवख्याबद्दल मूळ लेखात काही असेल तर ते वेगळ्या वाक्यात घाला, आणि तिथे ‘सोपा’ किंवा ‘अवघड’ हे रोजचे शब्द पुरतात.