मोठा आरसा भिंतीवर लावायचाय, पण पुढे काढताही आला पाहिजे. कसा लावावा?

भिंतीला चिकटवू नका. बाकी काहीही करा.

तुम्हाला माणूसभर उंचीचा आरसा लावायचाय आणि घर बदलताना तो अख्खा सोबत न्यायचाय. यावर "आरसा काय कोणी काढतं का?" असं म्हणणारं घरात एक तरी माणूस निघतंच. आमच्याकडे थोरले दीर आहेत. स्क्रू म्हणजे कच्चं काम, सिलिकॉन म्हणजे पक्कं, हे त्यांचं ठाम मत. बेसिनवरचा मोठा आरसा त्यांनी हट्टाने टाइल्सवर चिकटवून घेतला. मी तेव्हाच म्हटलं होतं, "भावोजी, मागून पाण्याची लाइन गेलीये, उद्या गळायला लागली तर?" तर म्हणे, इतका पुढचा विचार करायचा नसतो.

लाइन गळायला लागलीच. प्लंबर म्हणाला, आधी आरसा काढून द्या. काचेवर आडव्या-उभ्या चिकटपट्ट्या मारल्या, मागे बारीक तार घालून दोघांनी दोन्हीकडून करवतीसारखी ओढली. वरचे सिलिकॉनचे गोळे कापले गेले, मधला काही सुटेना. शेवटी खालून पत्रा सरकवून जरा जोर दिला, आणि कोपऱ्यातून निघालेली चीर सरळ वरपर्यंत गेली. तुकडे उलटे करून पाहिले तर जिथे जिथे गोळा, तिथे तिथे पारा काळा पडलेला. समोरून दिसणारे ते डाग आम्ही इतके दिवस ओल समजत होतो! व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वापरलं होतं. ते वाळताना अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि आरशाची पाठ खातं. आरशाला न्यूट्रल क्युअरच सिलिकॉन लागतं, ट्यूबवर तसं छापलेलं असतं.

माझ्या खोलीतला आरसा फ्रेंच क्लीटवर आहे. सुताराला नाव कळलं नाही तर चित्र काढून दाखवा. लाकडाची एक लांब पट्टी 45 अंशांत उभी चिरायची. एक अर्धी भिंतीवर, उतार भिंतीकडे करून. दुसरी आरशामागच्या प्लायला, उलटी. वरून अडकवली की एक दुसरीत बसते आणि आरशाच्या वजनानेच घट्ट होते. खालच्या कडेला तेवढ्याच जाडीची पट्टी हवी, नाहीतर आरसा ओळंब्यात राहत नाही. आणि वर तीन-चार सेंटीमीटर जागा मोकळी सोडा, उचलून काढायला ती लागते. आमच्याकडे रंगकाम निघालं तेव्हा दोघांनी धरून वर उचलला, बाजूला ठेवला, काम झाल्यावर परत अडकवला. ओरखडासुद्धा नाही. भावोजी समोरच होते, काही बोलले नाहीत.

काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. म्हणजे 1 बाय 2 मीटरचा 5 मिलिमीटर आरसा 25 किलोचा, प्लाय वेगळा. तेव्हा स्क्रू नुसत्या गिलाव्यात अडकून चालणार नाही, गट्टीसकट विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. पट्टी पाणसळ लावूनच ठोका. चिकटवायचंच असेल तर आरसा प्लायला चिकटवा आणि प्लाय टांगा. भावोजींना मी हेच सांगत होते.

प्लाय नको असेल तर खाली अ‍ॅल्युमिनियमची यू-पट्टी, आत रबर, आणि वर सरकत्या क्लिपा. सगळं वजन खालची पट्टी घेते, क्लिपा नुसत्या धरून ठेवतात.

हे सगळं भरीव भिंतीचं झालं. पोकळ पार्टिशन असेल तर आतली उभी चौकट शोधून तिच्यातच स्क्रू मारा, नुसत्या बोर्डावर हे वजन टाकू नका. घरात लहान मुलं असतील तर क्लीटवरचा आरसा खालून धक्का लागून उचलला जाऊ शकतो, म्हणून खालच्या कडेला एक अडकवणीचा स्क्रू मारून घ्या. काढायच्या वेळी तो आधी सोडवायचा.