एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळाला टोचताना दुखतं का? मग झोपेचं औषध का देत नाहीत?

ताई, बाळ 29व्या आठवड्यातच जन्मलेलं, व्हेंटिलेटरवर, रोज टाचेतून रक्त काढतात आणि डॉक्टर झोपेचं औषध द्यायला नाही म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मी एनआयसीयूत 11 वर्षं सिस्टर आहे.

हो, दुखतं. आपल्यापेक्षा जास्तच, कारण कळ मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसा एवढ्या दिवसांत तयार झालेल्या असतात, पण ती कळ दाबणारी मेंदूची यंत्रणा मागाहून येते. घशात नळी असल्याने रडण्याचा आवाज फुटत नाही, म्हणून बाळ शांत आहे असं समजू नका. भुवया आवळतात, डोळे घट्ट मिटतात, नाकाशेजारी घडी पडते, बोटं फाकतात, मॉनिटरवर ठोके वाढतात.

1980 च्या दशकापर्यंत बाळांची ऑपरेशनंसुद्धा पुरेशा भुलीशिवाय व्हायची. इंदूरला डॉक्टर झालेल्या कन्वलजीत आनंद यांनी 1987 साली ऑक्सफर्डमधून दाखवून दिलं की ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल हे कळ थांबवणारं तीव्र औषध मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नंतरचे त्रास कमी होतात. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

आज ऑपरेशनला, छातीत नळी घालताना, तातडी नसेल तर श्वासनळीत नळी टाकतानाही औषध देतात. रोज झोपवून ठेवणं मात्र वेगळं. मिडॅझोलॅम या झोपेच्या औषधाने बाळ निपचित पडतं, कळ थांबत नाही, आणि एवढ्या लहान मेंदूला त्याचा धोकाही असतो. मॉर्फिन कळ थांबवतं, पण त्याने बीपी उतरू शकतं. 2004 साली व्हेंटिलेटरवरच्या 898 बाळांचा अभ्यास आला. सरसकट मॉर्फिन देऊन मेंदूतला रक्तस्राव काही टळला नाही. डॉक्टर नाही म्हणतात ते निष्काळजीपणाने नाही, ताई.

टाचेच्या टोचणीवरचा उपाय तुमच्याकडेच आहे. हात स्वच्छ धुवा, एक तळहात डोक्यावर ठेवा, दुसऱ्याने दुमडलेले पाय पोटाशी धरा, पोटात होतं तसं. दाबू नका, थोपटू नका, हात नुसता स्थिर ठेवा. डॉक्टरांची परवानगी असेल तर टोचण्याआधी दोनेक मिनिटं तुमच्या काढलेल्या दुधाचे थेंब सिस्टर जिभेवर सोडतील. काही ठिकाणी साखरेचं पाणी मोजून देतात, पण ते घरून नेऊ नका. बाळ स्थिर असेल तर व्हेंटिलेटरवरही कांगारू पद्धतीने छातीशी घेता येतं. आणखी एक विचारा: सगळ्या तपासण्यांचं रक्त एकाच वेळी काढता येईल का?

उद्या रक्त किती वाजता काढणार ते आजच सिस्टरना विचारून ठेवा आणि दहा मिनिटं आधी जा.