व्हिसा फी भरून उरलेले ५,७०० पौंड

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: ब्रिटनमध्ये वर्षाला ४२,००० पौंडांची नोकरी, तीन वर्षांचा स्किल्ड वर्कर व्हिसा, सोबत पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. बचत १२,००० पौंड. ‘तिघांची व्हिसा फी २,३००. एजंटाला स्पॉन्सरशिपचे १,५०० आधीच दिलेत, ४,००० द्यायचे आहेत. उरलेले ५,७०० पाच वर्षांच्या हमी परताव्याच्या विमा योजनेत टाकू का?’

टाकू नका. हे ५,७०० तुमच्याकडे उरणारच नाहीत.

व्हिसा फी हा या हिशोबातला लहान आकडा. मोठा आहे तो इमिग्रेशन हेल्थ सरचार्जचा, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठी व्हिसासोबत भरायच्या रकमेचा. प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, १८ वर्षांखालच्या मुलाला ७७६, आणि पूर्ण मुदतीची रक्कम अर्ज करतानाच भरायची. तुमचे दोघांचे ६,२१०, मुलीचे २,३२८. एप्रिल २०२५ च्या दरानं फी माणशी ७६९ धरली तर एकूण झाले १०,८५०. शिवाय पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी कंपनीनं घेतली नाही, तर खात्यात १,८७० पौंड सलग २८ दिवस दिसावे लागतात. बारा हजार इथेच संपले. विमानाची तिकिटं, घराचं डिपॉझिट, क्षयरोगाची चाचणी हे सगळं अजून बाकीच आहे.

पण मला खरी काळजी वाटते ती एजंटाच्या पैशांची. तुम्ही ते ठरलेला खर्च म्हणून सहज लिहून टाकलेत. स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट म्हणजे परवानाधारक कंपनी (स्पॉन्सर) तुम्हाला नोकरीवर घेतेय याचा दाखला. त्याची फी एप्रिल २०२५ च्या दरानं ५२५ पौंड आणि ती कंपनीनं भरायची असते. इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी कामगार आणण्याबद्दल कंपनीनं सरकारला द्यायची रक्कम, मोठ्या कंपनीला वर्षाला १,३२०, हाही कंपनीचाच. हे दोन्ही खर्च कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे. पगारातून कापून नाही, करारात अट घालून नाही आणि एजंटामार्फतही नाही. वसूल करणाऱ्या कंपनीचा स्पॉन्सर परवाना जाऊ शकतो. तो गेला, की तुम्हाला सहसा ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो. म्हणजे तुम्ही ५,५०० पौंड मोजून स्वतःचीच नोकरी धोक्यात घालताय. आणि कंपनीला या पैशांचा पत्ताच नसेल, तर मग ती नोकरी तरी खरी आहे का?

उरलेले ४,००० देऊ नका. कंपनीचं नाव ब्रिटन सरकारच्या परवानाधारक स्पॉन्सर्सच्या यादीत आहे का ते आज बघा. यादीत नाव असलं म्हणून ऑफर खरी ठरत नाही, त्यामुळे कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला एजंटाला वगळून थेट लिहा. ऑफर खरी आहे का, ही रक्कम कोणी मागितली, आणि व्हिसा फी व सरचार्ज कंपनी भरेल का. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका, बऱ्याच कंपन्या भरतात. ‘आधी सोडलंत तर परत द्या’ अशी अट व्हिसा फी आणि सरचार्जपुरती चालते, स्पॉन्सरशिपच्या खर्चाला नाही.

ऑफर खरी निघाली, तर आधी एकटे जा. तुमची फी आणि सरचार्ज मिळून वरच्या दरानं खर्च ३,९०० च्या आत. सहा महिन्यांनी कुटुंबाचा अडीच वर्षांचा अर्ज केलात तर सरचार्जमध्ये ९०० पौंड वाचतील आणि डिपॉझिटलाही पैसे हाताशी राहतील. पगार मात्र ४२,००० धरू नका. कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची सक्तीची वर्गणी) जाऊन महिन्याला साधारण २,८०० हातात येतील, पेन्शनची कपात वेगळी.

आता ती योजना. तुमचा व्हिसा तीन वर्षांचा आणि पैसे अडकणार पाच वर्षं. हे समोर दिसत असूनही कोणी ती तुम्हाला विकत असेल, तर त्याला तुमच्या गरजेशी देणंघेणं नाही. तिसऱ्या वर्षी व्हिसाच्या मुदतवाढीची फी ब्रिटनमधूनच भरायची, तीही जास्त, एप्रिल २०२५ च्या दरानं माणशी ८८५. तिघांचा सरचार्ज पुन्हा एकदम. त्या दरानं एकूण ११,२०० पौंड. पहिल्या पगारापासून महिन्याला ३१० पौंड साध्या बचत खात्यात, याच कामासाठी, वेगळे टाका.