"काहीच खाईना तरी वजन वाढायलंय"

लातूरला आहार-सल्ल्याची प्रॅक्टिस करताना हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्या ताईंनी "मॅडम, मी तर काहीच..." म्हणलं की पुढचं मला पाठ असतं. पण त्या खोटं बोलतात असं मला कधीच वाटलं नाही. ताटात त्या खरंच कमी घेतात.

उदगीरकडच्या एक शिक्षिका आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). थायरॉइड, शुगर सगळं नॉर्मल. मोबाईलमध्ये कॅलरीचं अॅप, भाकरी बंद करून ओट्स चालू, ज्वारीच्या मुलखात ओट्स, काय बोलावं! आणि दिवसातून दोनदा वजनकाट्यावर. काटा जरा वर गेला की दिवसभर उपाशी, मग रात्री भूक आवरायची नाही. पाणी, मीठ, पाळी यानं किलोभर तर सहज इकडंतिकडं होतं, ती काही चरबी नाही, हे सांगितल्यावर आठवड्यातून एकदाच वजन करायचं ठरलं. तेवढ्यानं त्या निम्म्या मोकळ्या झाल्या, पण वजन तिथंच.

एकदा सहज विचारलं, "पोरांच्या ताटात उरलेल्याचं काय करता?"

"खाते की. टाकून कसं द्यायचं?"

"अॅपमध्ये लिहिता?"

"ते काय जेवण आहे का मॅडम!"

म्हणलं, एक दिवस ते खाऊ नका, एका डब्यात टाकत जा आणि रात्री झाकण उघडून बघा, बस.

पुढच्या वेळी डब्याचा फोटो घेऊन आल्या. अर्धी पोळी, वाटीभर वरणभात, उपवासाची साबुदाणा खिचडी. अंदाजे 300 कॅलरी. पण आकडा मी लगेच सांगितला नाही. विचारलं, "डबा रिकामा करताना काय वाटलं?" तर त्यांचे डोळेच भरून आले. म्हणाल्या, "माय दिसली." माय 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, सुकडी आणि मिलोवर (दुष्काळात वाटलेला कोरडा खाऊ आणि परदेशातून आलेली लाल ज्वारी) दिवस काढलेले. आजही ती ताटात पाणी घालून पिते.

माझं आधीपासूनचं मत आहे की खाण्यामागं मनात एक वाक्य चालू असतं, ते सापडल्याशिवाय कॅलरीचा तक्ता भिंतीलाच राहतो. ताईंचं वाक्य होतं, उरलेलं टाकणारी बाई वाईट. मी ते खोडायला गेलेच नाही. एवढंच विचारलं, "हा डबा बघून माय काय म्हणली असती?"

बराच वेळ गप्प. मग हसल्याच, "म्हणली असती, एवढं रांधलंच कशाला?"

मी काही सांगायच्या आत उत्तर त्यांच्याच तोंडून आलं, आणि खरं सांगू, अशा दिवसासाठीच मी हे काम करते. त्या दिवसापासून कणीक मोजून, पोरांना आधी कमी वाढायचं, लागलं तर परत घ्यायचं. माय पण खुश.

आता हिशोब. किलोभर चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी, त्यामुळं रोजच्या जादा 300 नं कागदावर महिन्याला किलोच्या वर वजन वाढतं, प्रत्यक्षात त्याहून कमी, पण वाढतं. एक मोठा चमचा तेल 120 कॅलरी, मग करडईचं असो की शेंगदाण्याचं. दोन चमचे साखरेचा चहा चारदा प्याला की नुसत्या साखरेचे 160. भाकरीला उगीच दोष देऊ नका, तिच्यावरच्या तेलात भिजलेल्या शेंगाच्या चटणीकडं बघा. आपल्याकडं बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 23 च्या पुढं गेला की वजन जास्त धरतात, आणि बायकांची कंबर 80 सेंटीमीटरच्या आत असावी. उतरवायचंच असेल तर आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झालं, महिन्यात दहा किलोवाल्यांच्या नादी लागू नका.

आणि वजन अचानक वाढलं असेल, पाळी बिघडली असेल किंवा नवीन गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टर, मग मी. फक्त एखादी पोरगी जेवण चोरून टाकत असेल किंवा खाऊन उलट्या काढत असेल तर दोघांकडं लगेच या, कॅलरीचं नंतर बघू.