दोन गाणी जुळवताना बेस का फाटतो?

प्रश्न : चार चॅनेलचा डीजे मिक्सर आणि दोन प्लेअर आहेत. एकेक गाणं स्वच्छ वाजतं. पण एकातून दुसऱ्यात जाताना दोन्ही फेडर (चॅनेलचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या पट्ट्या) वर असतात तेवढा वेळ बेस कधी फाटतो, कधी नाहीसाच होतो. बॉक्स (स्पीकर) बदलावे लागतील का? – वाचक, बार्शी

उत्तर : बॉक्स बदलू नका. एकेक गाणं स्वच्छ वाजतंय, म्हणजे ते ठीक असावेत. खरी अडचण आहे ती दोन किक (ठेक्यातल्या मोठ्या ड्रमचे ठोके) एकमेकींवर पडण्याची. किकचा जोर साधारण ५० ते १०० हर्ट्‌झमध्ये असतो. सारख्या पातळीच्या दोन किक एकाच क्षणी पडल्या, की पातळी ६ डेसिबलपर्यंत चढते, मीटर लाल होतो आणि आवाज फाटतो. आता उलट बाजू पाहा. ६० हर्ट्‌झची एक लहर पुरी व्हायला सुमारे १७ मिलिसेकंद लागतात. दुसरं गाणं त्याच्या निम्म्याने, म्हणजे ८ मिलिसेकंदांनी मागे असेल, तर एकाची लहर वर जाताना दुसऱ्याची खाली येते आणि बेस गायब होतो. ठेका मात्र जुळलेलाच वाटतो, कारण एवढा फरक कानाला सहज पकडता येत नाही.

सुरुवात पातळीपासून करा. इक्वलायझरचे (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणारे) सगळे नॉब मध्यावर, फेडर पूर्ण खाली. चॅनेलचं क्यू बटण (गाणं फक्त हेडफोनमध्ये ऐकवणारं) दाबा आणि गाण्याचा सर्वांत जोरकस भाग वाजवा. सुरुवातीचा शांत भाग ऐकून पातळी ठरवली, तर पुढे ठेका सुरू होताच मीटर लाल होणार. ट्रिम, म्हणजे चॅनेलमध्ये येणाऱ्या आवाजाची पातळी ठरवणारा नॉब, हळूहळू वाढवत न्या. मीटर शून्यापाशी खेळला पाहिजे, क्वचित +३ ला टेकला तरी चालेल. दुसऱ्या चॅनेललाही हेच. प्रत्येक नव्या गाण्याला ट्रिम पुन्हा तपासावा लागतो, कारण जुन्या गाण्यांचं रेकॉर्डिंग बरेचदा कमी आवाजाचं असतं. मिक्सरमध्येच फाटलेला आवाज पुढे अँप्लिफायर कमी करून दुरुस्त होत नाही. तो फक्त कमी आवाजात फाटका ऐकू येतो.

मग जुळवणी. नव्या चॅनेलचा लो नॉब (इक्वलायझरचा बेसचा नॉब) डावीकडे शेवटपर्यंत फिरवा आणि फेडर वर घ्या. आता लोकांना दोन्ही गाणी ऐकू येतात, पण बेस जुन्याचाच असतो. १६ किंवा ३२ ठोक्यांचा टप्पा जिथे संपतो, तिथल्या पहिल्या ठोक्यावर जुन्याचा लो खाली आणि नव्याचा लो मध्यावर, दोन्ही हातांनी एकाच वेळी. मध्याच्या पुढे नेऊ नका. बेस हवा म्हणून लो वाढवण्याची सवय फार बोकाळली आहे आणि बॉक्सचे कॉइल त्याने जळू शकतात. क्रॉसफेडर (एका गाण्यातून दुसऱ्यात नेणारी आडवी पट्टी) वापरत नसाल, तर चॅनेल त्याला जोडणारा असाइन स्विच ‘थ्रू’वर ठेवा, म्हणजे चुकून धक्का लागून गाणं बंद पडणार नाही.

प्रश्न : हेडफोनमध्ये ठेका जुळतो, पण बाहेर ऐकलं तर मागेपुढे वाटतो. असं का? – वाचक, चिपळूण

उत्तर : मोठे बॉक्स तुमच्यापासून किती लांब आहेत ते मोजा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १० मीटरवरचा बॉक्स तुम्हाला २९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, हेडफोन मात्र लगेच. तुम्ही नवं गाणं त्या उशिराच्या आवाजाशी जुळवता, म्हणून समोरच्यांना ते मागे पडलेलं ऐकू येतं. मिक्सरच्या बूथ आउटपुटला (डीजेच्या स्वतःच्या स्पीकरसाठीची जोडणी) एक छोटा मॉनिटर स्पीकर जोडून कानापासून एक-दीड मीटरवर ठेवा. मॉनिटर नसेल तर दोन्ही कान हेडफोनमध्येच ठेवा आणि क्यू-मास्टर मिक्स नॉब (हेडफोनमध्ये नवं आणि चालू गाणं किती ऐकू यावं ते ठरवणारा) मध्यावर आणा. चालू गाणं आणि नवं गाणं दोन्ही तिथेच ऐकून जुळवा. ब्लूटूथ हेडफोन या कामाला अजिबात नको. त्यात साधारण १०० ते २०० मिलिसेकंद उशीर होतो.

प्रश्न : लॅपटॉप मिक्सरला जोडला की सतत गुणगुण येते. – वाचक, मडगाव

उत्तर : चार्जर काढून पाहा. गुणगुण थांबली, तर वीज आणि ऑडिओ केबल यांतून अर्थिंगचं वेटोळं झालं आहे. सगळी यंत्रं एकाच विस्तार बोर्डवर घ्या. तरी राहिली, तर लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (दोन यंत्रांमधली थेट विजेची जोडणी तोडून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे नेणारा छोटा डबा) टाका. चार्जरची किंवा अँप्लिफायरची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका. त्याने गुणगुण जाईल, पण बिघाड झाल्यास करंट माइक धरलेल्या माणसाच्या हाताला लागेल.