नीटमध्ये तुक्का मारावा का?

प्रश्न : मुलगी यंदा नीट देते आहे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा, ही तिची इच्छा. क्लासमधले एक सर म्हणतात, एकही प्रश्न कोरा ठेवू नको. दुसरे म्हणतात, खात्री नसेल तर हात लावू नको. कोणाचं ऐकावं?
– एक पालक, साखळी

उत्तर : आधी हिशेब मांडू. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ वजा, कोऱ्याला शून्य. डोळे मिटून तुक्का मारला तर सरासरीने चारांतला एक लागतो. ४ मिळतात, ३ जातात, हाती १ उरतो. एक पर्याय ठामपणे बाद करता आला तर तीन प्रश्नांमागे २ गुण हाती राहतात, दोन बाद झाले तर दोन प्रश्नांमागे ३. म्हणून एक जरी पर्याय कारणासकट खोडता येत असेल, तरी उत्तर नोंदवावंच.

अजिबात न कळलेल्या प्रश्नांचं मात्र वेगळं. असे २० प्रश्न ठोकून दिले तर सरासरी कमाई ५ गुणांची. पण तीन किंवा त्याहून कमी लागण्याची शक्यता सुमारे २२ टक्के, आणि मग गुण घटतातच. तेवढ्या वेळात सोडवलेली गणितं पुन्हा तपासणं आम्हाला अधिक फायद्याचं वाटतं.

खरा घात अर्धवट आठवणाऱ्या धड्यात होतो. २ किलोची वस्तू सेकंदाला ३ मीटर वेगाने जाते, गतिज ऊर्जा किती? उत्तर ९ ज्यूल. पर्यायांत १८ हमखास असतं, कारण सूत्रातला अर्धा विसरणारे पुष्कळ. ६ सुद्धा असतं. तो संवेगाचा आकडा. चुकीचे पर्याय नेहमीच्या चुकांवरूनच रचलेले असतात. त्यामुळे ‘हेच ओळखीचं वाटतं’ एवढ्यावर खूण केली, तर नशिबावर सोडण्यापेक्षाही वाईट निकाल लागू शकतो. पर्याय का खोडला, हे तिला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

घरी सराव असा करून घ्या. पहिल्या फेरीत फक्त खात्रीचे प्रश्न. बाकीच्यांत बाद झालेले पर्याय प्रश्नपुस्तिकेवरच काटायचे आणि दुसऱ्या फेरीत आधी दोन काटलेले घ्यायचे. सराव परीक्षेत अंदाजाने दिलेल्या प्रत्येक उत्तरापुढे टिंब ठेवायला सांगा आणि नंतर त्यांचाच वेगळा निकाल काढा. पाचांत एकापेक्षा कमी लागत असतील तर तिचे अंदाज तोट्यात आहेत. अशा वेळी तुक्के थांबवून तेवढे धडे पुन्हा करावेत.

प्रश्न : खूण केल्यावर मत बदललं तर?
– एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : ओएमआर उत्तरपत्रिकेवर बॉलपेनने भरलेला गोल बदलता येत नाही. दुसराही भरलात तर ते उत्तर चूक धरून १ गुण वजा होतो. प्रश्न सोडून पुढे जाताना ओळ हमखास चुकते. गोल भरण्याआधी प्रश्नाचा क्रमांक पुटपुटून घ्या.